डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेली तारीख

सेक्टर 17, वाशी

चि. बाळ,


फोनवर बोलताना जावईबापू शेजारीच असतात, तुला मोकळं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. "आत्या, सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, मग हे असे का वागतात?" असं तू हळूच विचारलंस. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावतात, नाहीतर दिवसभर खिडकीशी बसून राहतात. बाळा, कपाळामागचा मेंदू रागाला आवर घालतो, माणसाला उठून कामाला लावतो. पामबीच रोडवरच्या अपघातात त्यांना मार बसला तो नेमका तिथे. मेंदूतल्या बारीक तंतूंची इजा सीटीत दिसतेच असं नाही. शिवाय पुष्कळ रुग्णांना स्वतःतला बदल जाणवतच नाही. "मला काय धाड भरलीय?" असं ते म्हणतात, तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असतं.

न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात माझी उमर गेली. टाके कधी काढायचे, फिटच्या गोळ्या किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचं, सगळं कार्डावर लिहिलं जायचं. मानसोपचाराची तारीख मात्र क्वचितच. पुढे घरचे आपणहून गेलेच, तर सर्जन म्हणणार "आमचं काम झालं" आणि मानसोपचारवाले म्हणणार "ही तर न्यूरोची केस". या हेलपाट्यांत बायका-आया पार थकून जातात. याचा मला अजून संताप येतो, कारण उपाय अवघड नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये दोन्हीकडचे डॉक्टर एकाच आवारात बसतात. 1974 साली मनोरुग्णालय आणि तिथली शिक्षणसंस्था एकत्र करून निम्हान्स उभी राहिली. वाशीतल्या रुग्णालयांनी महिन्यातून एक दिवस दोन ओपीडी शेजारीशेजारी भरवल्या तरी किती घरं सावरतील!

कायदा तुझ्या बाजूचा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या ठिकाणी उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. विचार, भावना, स्मरणशक्ती यांत मोठा बिघाड होऊन वागणं बदललं, तर तो मानसिक आजार, अशी त्यातली व्याख्या; डोक्याला मार लागलेल्यांना त्यातून वगळलेलं नाही. विमा कंपनीनेही शारीरिक आजाराच्या धर्तीवरच संरक्षण द्यायचं आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत मात्र मेंदूच्या इजेला वेगळं नाव नाही, त्यामुळे दिव्यांगत्वाच्या दाखल्याला वेळ लागेल. ते नंतर बघू.

आधी डॉक्टर. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं आहे, वाशीहून थेट लोकल आहे. पण "वेड्यांचं इस्पितळ" म्हणून सासूबाई बिचकणार असतील, तर इथल्याच तज्ज्ञांकडे जाऊ. जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घे. डोक्याला मार लागलेल्याला काही मानसिक औषधांनी फिट येऊ शकते, झोपेच्या गोळ्यांनी विसराळूपणा वाढतो. म्हणून मात्रा थोडक्यातून सुरू करावी लागते. दुकानातून विचारून काही आणू नकोस. जावईबापू कधी चिडतात, किती झोपतात, रोजचं वहीत लिहून ठेव. त्यांना स्वतःला ते सांगता येणार नाही.

रात्री फारच बिनसलं, तर 14416 फिरव. टेलिमानसची ही सरकारी सेवा चोवीस तास असते, मराठीतही बोलतात, आणि तुझ्यासाठीसुद्धा आहे. तू किती दिवसांत नीट झोपली नाहीस, हेही त्यांना सांग.

नंबर लावून मला कळव. मी सोबत येते, आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही.

तुझी
आत्या