नकाशा कुणाला आधी दाखवायचा?

कोकण रेल्वे म्हटलं की पानवलचा उंच पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. मला मात्र आज सारखं वाटतंय, खरी कसोटी माणसांपाशी लागली. 1990 साली महामंडळ झालं तेव्हा रेल्वेबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ हे भागीदार होते. शिवाय कुणाचं घर जाणार, कुणाची हापूसची कलमं. महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्यापुढे हे सगळंच होतं. गोव्यात मार्गावरून आंदोलन पेटलं. खाडीकाठच्या खाजन शेतीचं, जुन्या गोव्यातल्या चर्चचं काय, हा प्रश्न रास्तच होता. 1993 मध्ये तिथलं काम थांबवून चौकशी झाली. वेळ गेला, पण थांबले हे बरंच केलं. प्रकल्प हाती घेणाऱ्यांनो, ज्याच्या परसातून रूळ जाणार, त्याच्या ओटीवर नकाशा सर्वांत आधी उलगडा.