तळ्याची साक्ष

साक्षीदार शपथेवर खरे बोलतो आणि तरीही न्यायाधीशांची दिशाभूल होते, हा प्रकार वकिलीच्या धंद्यात नवा नाही. त्याने भर दुपारचे घर पाहिलेले असते आणि तेवढेच तो सांगतो; रात्री त्या घरात काय घडले, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. माणसाच्या बाबतीत ही उणीव उलटतपासणीने भरून काढता येते. परंतु ज्या साक्षीदाराला वाचा नाही, ज्याच्यातून एक बाटली भरून घेतात आणि त्या बाटलीवरचा कागद तेवढा पुढे ठेवतात, त्याची उलटतपासणी कोणी आणि कशी घ्यावी? एका तलावाच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आहे.

तलाव हैदराबाद शहराच्या वेशीवरचा. प्रकरण हरित न्यायाधिकरणाच्या दक्षिण पीठापुढे चालू असल्यामुळे त्याचे नाव घेणे उचित नाही. तेलंगणातील शेकडो तलावांसारखाच तो एक : मातीचा लांब बांध, बांधावर कट्टमैसम्मेचे छोटे देऊळ, खाली पूर्वी भाताची खाचरे होती तेथे आता चार-चार मजली इमारती. त्या इमारतींचे सांडपाणी कोठे जाते, हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको. तलावात मासेमारीचा हक्क एका मच्छीमार संस्थेकडे आहे. संस्था दरवर्षी रोहू-कटल्याचे बीज सोडते आणि त्यावर तिच्या सभासदांची चूल पेटते. २०२४ च्या जूनमध्ये, ज्येष्ठातले आभाळ दोन दिवस भरून राहिले असता, तिसऱ्या दिवशी पहाटे सारा काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला. तक्रार झाली, पाहणी झाली आणि पाण्याचा अहवाल आला. अहवालात पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुबलक होता. माशांसाठी लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. येथे तो त्याच्या दुपटीहूनही अधिक निघाला. सबब पाणी उत्तम, मासे कशाने मेले ते देव जाणे, आणि भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असा प्रतिपक्षाचा युक्तिवाद.

अहवाल खोटा नव्हता, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. नमुना दुपारी घेतला होता आणि दुपारी त्या पाण्यात तेवढा प्राणवायू खरोखरच होता. संस्थेचे वृद्ध अध्यक्ष आमच्या कार्यालयात तो कागद उलटासुलटा करीत बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही आणि आम्हांस तेलुगू बेताचीच, तेव्हा बोलणे दखनीत चाले. आकड्याचा अर्थ सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "वकील साब, दिन कू पानी अच्छाइच रैता. फजर कू आके देखो." पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी कोणाच्याही पाहणीत आलेली नव्हती. रोहू मेले, कटले मेले. मरळ एकही मेली नाही.

या दोन वाक्यांत त्या प्रकरणाचा गाभा होता. मरळ पाण्यात राहते, पण श्वास घेण्यासाठी वर येऊन हवा गिळते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तिचे अडत नाही. तलावात विष पडले असते तर तिनेही प्राण सोडले असते. म्हणजे माशांचे मरण गुदमरून आलेले होते आणि ते पहाटे आले होते. सांडपाण्यातून नत्र व स्फुरद येऊन तलावात शैवाल माजते. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेही श्वासच घेते. मासे, शैवाल आणि तळाच्या गाळात कुजणाऱ्या घाणीवर जगणारे जंतू, असे सारे मिळून रात्रभर एकाच कोठारातून उचल करीत राहतात आणि सूर्योदयापूर्वी कोठार रिकामे होते. आभाळ भरून आले की दिवसाची भर कमी पडते, रात्रीचा खर्च मात्र थांबत नाही.

एवढे कळल्यावर त्या कागदाकडे आम्ही नव्याने पाहिले. तीस अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यात हवेतून शिरणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅमच्या वर टिकत नाही. अहवालातला आकडा त्याहून बराच वर होता. हा जास्तीचा प्राणवायू हवेतून आलेला नव्हता; शैवालाच्या अतिरेकातून तो आला होता. त्याच पानावर पाण्याचा सामूही साडेआठच्या मर्यादेपलीकडे गेलेला होता, आणि भर उन्हात शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते तेव्हा नेमके असेच होते. ज्या कागदाने प्रतिपक्ष पाण्याचे आरोग्य सिद्ध करू पाहत होता, तोच कागद रोगाची कबुली देत होता.

तरीही अनुमान ते अनुमान. रसायनशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या एका स्नेह्याला घेऊन आम्ही एक अख्खा दिवस आणि रात्र त्या बांधावर काढली. प्राणवायू मोजण्याची जी रीत त्याने वापरली, ती लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनज्ञाने १८८८ साली शोधून काढलेली आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. काचेची बाटली बुडबुडा राहू न देता पाण्याने काठोकाठ भरायची, तिच्यात मँगनीजचे क्षार सोडायचे, मग आयोडाइड मिसळलेला अल्कली द्राव. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून नेमका आकडा काढतात, पण वकिलाला रंग पुरला. दुपारी तीनची बाटली तपकिरी झाली, गडद काढ्यासारखी. दिवेलागणीची तिच्याहून फिकी. पहाटे पाचची बाटली जवळजवळ पांढरी. स्नेही ती कंदिलापुढे धरून बराच वेळ बोलला नाही. काठावर बगळे येऊन बसले होते. पाण्याच्या पृष्ठावर माशांची तोंडे उघडमीट करीत होती आणि बगळ्यांना शोधाशोध करावी लागत नव्हती.

कायद्याने या बाबतीत काय केले आहे? १९७४ चा जलप्रदूषण कायदा आम्हांस एरवी प्रिय आहे. त्याच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना पुराव्यात ग्राह्य व्हावा म्हणून नोटीस कशी द्यावी, नमुन्याचे दोन भाग कसे करावे, बाटलीला मोहोर कशी लावावी, सह्या कोणाच्या घ्याव्या, हे सारे बारकाईने सांगितले आहे. ही काळजी कारखान्याच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यासाठी योग्यच आहे; तेथे बाटली बदलली जाण्याचे भय असते. परंतु नमुना कोणत्या प्रहरी घ्यावा, याविषयी त्या कलमात अवाक्षर नाही. आणि सरकारी नोकर कचेरी उघडल्यावर निघून दुपारच्या सुमारास तलावावर पोहोचतो, हे कोणाच्या दुष्टाव्याने घडत नाही. बसगाड्यांच्या वेळापत्रकाने घडते. तलावाची रात्र अशा रीतीने कायमची दप्तराबाहेर राहते.

आमच्या पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदींना तो किंमत देतो. १८७२ च्या अधिनियमात ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही आहे. १९९८ साली एका गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुट्या कागदांना वही म्हणता येत नाही. हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याने बांधलेले नाही हे खरे, पण हे शहाणपण कायद्याच्याही आधीचे, पेढीवरचे आहे. आमच्या बहुतेक तलावांचे सुटे कागदच तेवढे आहेत : तक्रार झाली तेव्हाचा एक, निवडणुकीपूर्वीचा एक, मासे मेले तेव्हाचा एक. वही कोठेच नाही.

वही असली म्हणजे काय होते, ते अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवराने दाखवून दिले. त्याचा अभ्यास १९३३ साली झाला होता, पुन्हा १९५० साली झाला. १९५५ मध्ये त्याच्या पाण्यात एक तांबूस शैवाल दिसू लागले, तेव्हा एडमंडसन या प्राध्यापकांपाशी ताडून पाहण्यास मागील पाने होती. स्वित्झर्लंडमधील सरोवरे याच शैवालामागून बिघडत गेली, हेही त्यांस ठाऊक होते. काय होणार ते त्यांनी आधी सांगितले. १९५८ मध्ये लोकांनी मत देऊन सांडपाण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, आणि १९६३ ते १९६८ या काळात सरोवरात पडणारे सांडपाणी वळविण्यात आले. पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी पूर्वी मीटरभर खोलीवर दिसेनाशी होई. काही वर्षांतच ती तीन मीटरपर्यंत दिसू लागली. (ही तबकडी म्हणजे तलावाच्या परीक्षेतले सर्वांत स्वस्त हत्यार. सेक्की नावाच्या एका इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये ती प्रथम भूमध्य समुद्रात सोडली. ताटाएवढी चकती आणि खुणा केलेली दोरी, एवढ्यावर काम भागते.)

आमच्या शहरातील हुसेनसागराची पाहणी मात्र पुष्कळ होते, हे सांगितले पाहिजे. विशेषतः गणेशविसर्जनाच्या दिवसांत. विसर्जनापूर्वी, विसर्जनाच्या वेळी आणि त्यानंतर पाणी तपासावे, असे केंद्रीय मंडळाच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले होते. २०२१ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्तींना त्या तलावात मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या एका वर्षापुरतीच, शेवटची म्हणून, सवलत दिली. मूर्ती मातीची असावी याविषयी आमच्या मनात शंका नाही. येथील मराठी घरांतून शाडूचा गणपती आजही बादलीत विसर्जित होतो. तथापि, गणपती वर्षातून एकदा तलावात जातात. कूकटपल्लीचा नाला सणवार पाळत नाही. पाहणी सणाला बांधली की दोष देवाच्या माथी जातो आणि नाला नामानिराळा राहतो.

आमच्या प्रकरणात आम्ही न्यायाधिकरणाकडे एवढेच मागितले आहे, की संयुक्त समितीने नमुने घ्यावेत ते एका दिवसात चार वेळा, त्यांपैकी एक सूर्योदयापूर्वी, आणि असे वर्षभर, दरमहा घ्यावेत. प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की पहाटे पाच वाजता अधिकाऱ्यांस तलावावर बोलावणे व्यवहार्य नाही. त्यावर युक्तिवाद अजून व्हावयाचा आहे.

दरम्यान मच्छीमार संस्थेने आपल्यापुरती सुरुवात केली आहे. आमच्या स्नेह्याने अध्यक्षांच्या नातवाला बाटली व तबकडी वापरावयास शिकविले. मुलगा महाविद्यालयात जातो. त्याने लाल कापडी बांधणीची, व्यापारी वापरतात तसली वही आणली आहे आणि तीत तेलुगूत रकाने आखले आहेत : तारीख, वेळ, आभाळ, तबकडीची खोली, बाटलीचा रंग, मासे वर आले की नाही. शेवटचा रकाना आजोबांनी घालायला लावला. दर रविवारी दोन नोंदी होतात, दुपारची आणि पहाटेची. ही वही हितसंबंधी पक्षाने ठेवलेली असल्याने विश्वसनीय नाही, असा लेखी आक्षेप प्रतिपक्षाने नोंदविला आहे. आम्ही उत्तरात लिहिले, की त्यांनीही एक वही ठेवावी. आम्ही दोन्ही पुढे-पुढे ठेवून वाचू.