माहुलची हवा आणि कॉफीचा डबा

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी, रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी हवें, अशी वाचकांची साहजिक अपेक्षा असते. आम्हीं आज जें स्थळ निवडलें आहे, तें पुष्कळ मुंबईकरांनाही धड ठाऊक नाहीं. चेंबूरच्या दक्षिणेस खाडीच्या कांठीं माहुल हें कोळी व आगरी लोकांचें जुनें गांव आहे. एका अंगास तिवरांची राई व ओहोटीला उघडा पडणारा विस्तीर्ण चिखल. हिंवाळ्यांत तेथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि कांठ गुलाबी दिसूं लागतो. दुसऱ्या अंगास तेलाच्या प्रचंड टाक्या, धुरांडीं व नळांचीं जाळीं. १९५० नंतरच्या दशकांत या भागांत दोन तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, पाठोपाठ वीज व खतें यांचेही कारखाने आले, आणि गांवाची हवा पालटली.

गेल्या श्रावणांत आम्ही तेथें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडीं आठ दिवस राहिलों. त्याची पत्नी म्हैसूरकडील. त्यामुळें त्या घरीं दिवस उजाडतो तो पितळी फिल्टरांतून ठिबकणाऱ्या कॉफीनें. भाजलेले दाणे माटुंग्याहून येतात व घरच्या लहान चक्कींत दळले जातात. आम्ही पोहोंचलों त्या दिवशीं पुडा नुकताच आलेला होता, व त्याच्या सुगंधानें जिन्यांतच आमचें स्वागत केलें. आठव्या दिवशीं तीच कॉफी निस्तेज, किंचित् खवट आणि, लिहावयास संकोच वाटतो, रॉकेलची आठवण करून देणारी लागली. पुडा चिमटा लावून शेगडीजवळच्या खिडकींत ठेवलेला होता. "गुरुजी, दुकानांतला वास घरीं आठ दिवससुद्धां कां टिकत नाहीं?" असें त्या माउलीनें आम्हांस विचारलें.

या प्रश्नाचें उत्तर भट्टींत आहे. कॉफीचा कच्चा दाणा हिरवट व कठीण असतो. त्यांत शेंकडा दहा-बारा भाग पाणी असतें, आणि नीट ठेवल्यास तो महिनोन् महिने टिकतो. भाजल्यावर पाणी बहुतेक उडून जातें, दाणा फुगून सच्छिद्र होतो, व त्याच्या पोटांत कार्बन डायऑक्साइड वायु कोंडून राहतो. हा वायु पुढें कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडतो. म्हणूनच चांगल्या पुड्यांस एक बारीक झडप असते. ती आंतील वायु बाहेर सोडते, बाहेरील हवा आंत येऊं देत नाहीं. वायूचा हा पहारा सरला कीं प्राणवायु आंत शिरतो आणि तेलें खवट होतात. शिवाय कोरडा, सच्छिद्र दाणा भोंवतालची ओल व वास शोषून घेतो. दळल्यावर तर सुगंध घटकाभरांत उडूं लागतो. भुकटींत चिकोरी मिसळलेली असेल, तर ती ओल धरून गोळे बनते.

याच्या उलट गोष्ट मलबार किनाऱ्याची. शिडाच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपांत जातांना कच्ची कॉफी महिनोन् महिने दमट हवेंत राही. दाणे फुगत, पिवळसर पडत व चव सौम्य होई. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, प्रवास आंखूड झाला, आणि तिकडील गिऱ्हाइकांस ती जुनी चव मिळेना. तेव्हां आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यांत कच्चे दाणे उघड्या वखारींत पसरून त्यांस मुद्दाम मोसमी वारा देऊं लागले. 'मॉन्सून्ड मलबार' या नांवानें ती कॉफी आजही परदेशीं जाते. जी ओल कच्च्या दाण्यास संस्कार, तीच भाजलेल्यास विकार!

त्या घरीं आम्हीं जी व्यवस्था सुचविली, ती वाचकांसही उपयोगी पडेल. भाजल्याची तारीख पाहून पंधरवड्यास पुरतील इतकेच दाणे आणावे. दळावें तें रोजच्यापुरतें. कांचेची बरणी शोभिवंत खरी, परंतु तींतून उजेड आंत जातो. रबरी कडें असलेला, घट्ट झांकणाचा स्टीलचा डबा बरा. मोठ्या डब्याच्या तळाशीं मूठभर दाणे राहिले कीं वरची सारी पोकळी हवेची; म्हणून दोन लहान डबे करावे, एक रोजचा व एक न उघडावयाचा. ते शेगडी, खिडकी व हिंग-मसाले यांपासून दूर फडताळांत ठेवावे. फ्रिजमध्यें ठेवूं नये. तेथें दाण्यांस अन्नाचे वास लागतात, व बाहेर काढतांच त्यांवर दंव धरतें. अधिक दिवस ठेवणेंच असेल, तर लहान हवाबंद पुड्या करून बर्फाच्या कप्प्यांत ठेवाव्या, आणि पुडी खोलींतल्याइतकी उबदार झाल्याखेरीज फोडूं नये. नवा माल भरण्यापूर्वीं डबा धुऊन उन्हांत वाळवावा; जुन्या तेलाचा लेप नव्या दाण्यांस नासवितो. हें ऐकून शेजारच्या कोळीणबाई हंसून म्हणाल्या, "आमच्या सुकटाचं बी तसंच हाय; ओल लागली का गेलं." शास्त्र पोथींतच असतें असें नाहीं!

आतां त्या घरची कॉफी तीन आठवडे सुवास देते, असें पत्र आलें आहे. परंतु आमचें समाधान तेवढ्यावर होत नाहीं. येथील हवेमुळें रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे, असें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालींच म्हटलें होतें. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कांठचीं हजारों कुटुंबें येथील इमारतींत आणून बसविलीं गेलीं. २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यांस अन्यत्र घर किंवा घरभाडें द्यावें असा आदेश दिला. आमच्या मुक्कामांत, खिडक्या लावून घेतल्यावरही, यजमानांचा लहान मुलगा रात्रभर खोकत असे. दाण्यांसाठीं आम्हीं डबा सुचविला. त्या मुलासाठीं काय सुचवावें, हें सांगणारें शास्त्र आमच्यापाशीं नव्हतें.

असो. वाचकांनीं हिंवाळ्यांत माहुलास अवश्य जावें, रोहित पक्षी पाहावे, कोळीवाड्यांत दोन घटका बसावें, आणि परततांना तेथील हवेचा एक दीर्घ श्वास घेऊन पाहावा.