आगरातली खोपी

राई गावातून मिठागराच्या बांधावर उतरलं की आधी पाण्याचे चौकोन लागतात, मग नुसता बांध, आणि तो बांध जिथे तिवरांना भिडतो तिथे ही खोपी. शेजार नाही, वीज नाही, नळ नाही. पिण्याचं पाणी गावातून कळशीने आणायचं.

अशा जागी हौसेने कुणी राहत नसतं. खोपी उभी राहिली ती उघाडीसाठी. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. खाडीचं पाणी आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे तिच्यावर ठरतं. आमच्या किनाऱ्यावर पुनवेला आणि अवसेला उधाणाची भरती साधारण मध्यान्ही आणि मध्यरात्री येते, नंतर रोज दोन घटका पुढे सरकते. आगर भरायचं तर हेच पाणी हवं. अपरात्री ते येतं तेव्हा फळ्या उचलायला माणूस तिथे पाहिजे, आणि माणसाला पाठ टेकायला खोपी पाहिजे. म्हणून तिचं दार गावाकडे नाही, उघाडीकडे आहे.

स्वभावाने ती हट्टी. लोखंड तिला सोसत नाही. खिळा मारा, खारं वारं एका मोसमात त्याची भुकटी करतं. म्हणून वासा वाशाला बांधायचा तो काथ्याच्या सुंभाने. कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या. त्यांना खालून लोणा चढतो. सकाळी बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड येते, आणि टवका निघाला की आतली कारवी दिसते. दर वर्षी पावसाळ्यात ती ओस पडते, अर्धी मोडते. पाऊस सरला की पुन्हा लिंपण, पुन्हा शाकारणी. तिला जुनी म्हणावं तर तिच्यातलं काहीच जुनं नसतं.

एका पुनवेला तिच्यात राहिलो होतो. कंदील, चुलीवर भाजलेला सुका बोंबील, तांदळाची भाकरी. डास इतके, की चुलीचा धूर बरा वाटावा. दिवस मावळल्यावर शेकाट्यांची टिवटिव थांबली आणि चिखलाचा बारीक चटचट आवाज येऊ लागला. ओहोटीत उघड्या पडलेल्या बिळांचा तो. मला झोप येईना. उघाडी राखणारे काका म्हणाले, "निज तू. पानी आयलं की समजतं." खरंच समजलं. फळ्यांच्या फटींतून सूं असा आवाज सुरू झाला आणि ते अंधारातच उठून बाहेर गेले. घड्याळ खोपीत नव्हतंच.

गोराई-उत्तनच्या किनाऱ्यावर आता लोक निवांतपणासाठी खोली भाड्याने घेतात. जगभर तशी पद्धत आहे: विजेशिवाय, माणसांशिवाय, समुद्राकाठी चार दिवस. त्यात वावगं काही नाही. शहरातल्या माणसाला अंधार लागतोच. मला मात्र खोपीचा एकांत अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याला काम आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात जेमतेम 35 ग्रॅम क्षार. दहातले नऊ हिस्से पाणी उन्हाने उडेपर्यंत मीठ बसत नाही. तोवर ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून उथळ तिसऱ्यात फिरवत राहायचं आणि आभाळाकडे बघत राहायचं. एक अवकाळी सर आली तर महिनाभराचं मीठ विरघळून जातं. ही राखण खोपीतूनच होते.

आता खोप्या कमी झाल्या. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरं तोडायला मनाई केली, ते योग्यच झालं. मेढीला तिवराऐवजी बांबू आले, वर ताडपत्री आली. मेट्रोची कारशेड राई-मुर्धा-मोर्व्यात यायची होती, गावांनी विरोध केला, ती डोंगरीकडे हलवायचं ठरलं. तरीही नकाशा उघडून ही मिठागराची जागा रिकामी म्हणणारे आहेतच. त्यांनी जुलैत, उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आला असताना, या बांधावर उभं राहावं. खाडी वर चढलेली, उघाडी बंद, आणि आभाळातून पडलेलं पाणी वाफ्यावाफ्यांत पसरून ओहोटीची वाट बघत थांबलेलं. इथे भराव पडला तर तेच पाणी राई-मुर्ध्याच्या घरांत शिरेल.