पाण्यावरची फटफटी

वयाच्या ६२व्या वर्षी मी समुद्रावर फटफटी चालवली, असे सांगितले तर आमच्या पोलादपुराकडची माणसे हसतील. हसू देत. पण त्या फटफटीपायी आमच्या घरचे रस्त्याकडेचे खाचर विकायची वेळ आली होती, ते कसे टळले हे इतर घरांनाही कळावे म्हणून चार शब्द लिहितो.

माझा थोरला भाऊ वारल्यापासून दोन्ही घरांचा कारभार एकत्र आहे. भावाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, बारावीनंतर मुंबईला गेला, तिथे दोन नोकऱ्या केल्या आणि परत आला. मग एका हंगामाला हरिहरेश्वरला गेला. तिथे किनाऱ्यावर पाहुण्यांना पाण्यावरच्या गाडीतून फिरवण्याचे काम त्याला मिळाले. जेट स्की म्हणतात त्या गाडीला. दिसायला फटफटीसारखी, बसायचेही तसेच, हातात तसाच दांडा. फक्त चाके नाहीत.

दिवाळीला घरी आला तो मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे चित्र होते. निळेशार पाणी, पांढरे खडक आणि एकामागे एक आठ-दहा गाड्या चाललेल्या. पुढे एक जाणता माणूस, मागे बाकीचे पाहुणे, बदकाच्या मागे पिल्ले जावीत तसे. तो म्हणाला, "काका, तिकडं भूमध्य समुद्रावर असं तास-दोन तास किनाऱ्यानं फिरवून आणतात. आपल्याकडं नुसती एक चक्कर मारून उतरवतात. आपण असं सुरू केलं तर?"

"कर की," मी म्हणालो.

"त्याला स्वतःची गाडी पायजे. रस्त्याकडचं खाचर इकलं तर होईल."

वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि मान वर केली नाही. ते खाचर १२ गुंठ्यांचे. आमच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी होते, पण पोटाचे भात येते ते या खाचरातून आणि खालच्या दोन तुकड्यांतून. गिऱ्हाईकही तयार होते. महामार्ग रुंद झाल्यापासून रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला आहे. मी त्या दिवशी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. "झोडणी आटपू दे, मग येऊन बघतो," एवढेच बोललो.

खरे सांगायचे तर मला पाण्याची भीती बसली आहे. आमची सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून महाडला जाते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. लहानपणी याच नदीत डुंबलो. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल पुरात गेला. दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच दिवशी दुपारी मी महाडचा बाजार करून त्याच पुलावरून घरी आलो होतो. पुढचे कितीतरी दिवस खाडीपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत शोध चालला होता. त्यानंतर २२ जुलै २०२१. त्या दिवशी तळिये गावावर दरड आली, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसे गाडली गेली आणि महाड शहर पाण्याखाली गेले. माझी धाकटी बहीण महाडात दिली आहे. तिच्या घरात खालचा मजला बुडाला. सगळ्यांनी रात्र माळ्यावर काढली. आम्ही इथे नुसते फोन लावत बसलो. फोनही लागत नव्हते. तेव्हापासून ओढ्याचा आवाज वाढला तरी मला झोप येत नाही.

असा मी माणूस, माघात झोडणी आटपून, वाल निसवायला लागले तेव्हा घरातून निघालो. पोलादपूरहून महाड, तिथून म्हसळ्यावरून श्रीवर्धन आणि मग हरिहरेश्वर. वहिनींनी देवासाठी नारळ दिला होता. आधी काळभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे दर्शन घेतले. डोंगराच्या पायथ्याशी खडकांतून प्रदक्षिणेची वाट आहे. ओहोटी होती म्हणून ती केली. भरतीच्या वेळी त्या वाटेला कोणी जाऊ नये. लाट कधी येऊन माणसाला ओढते हे कळतही नाही. तिथले लोक परोपरीने सांगतात, तरी पाहुणे ऐकत नाहीत, असे पुतण्या म्हणाला.

दुपार कलली तशी पुतण्याने मला किनाऱ्यावर नेले. त्याच्या मालकाने परवानगी दिली होती. आधी अंगात जॅकेट चढवले, पट्टे आवळले आणि दोन्ही खांद्यांना धरून मला वर ओढून पाहिले. म्हणाला, "जॅकेट कानापर्यंत वर आलं तर समजायचं ढिलं आहे. पाण्यात माणूस खाली जाईल आणि जॅकेट वर राहील." मग एक लाल गुंडाळीची दोरी माझ्या मनगटाला बांधली. तिचे दुसरे टोक गाडीच्या बटणाला. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन जागेवर बंद होते. गाडी रिकामी पळत जाऊन दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर बसत नाही. मला हे फार आवडले. आपल्या मळणीयंत्राला अशी दोरी असती तर कितीतरी हात वाचले असते.

"पण याला पंखा कुठाय?" मी विचारले. होडीच्या मागे असतो तसा पंखा मला दिसेना.

पुतण्या हसला. "काका, हा आपला पाण्याचा पंपच आहे."

आणि खरेच तसे निघाले. गाडीच्या पोटाखाली जाळी आहे. तिथून पंप पाणी आत ओढतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून जोराने बाहेर फेकतो. पाणी मागे जाते, गाडी पुढे जाते. दांडा वळवला की ते मागचे तोंड वळते आणि गाडीचे नाक फिरते. बस्स. रबी हंगामात ओढ्यावर इंजिन लावून वालाला पाणी देणाऱ्या माणसाला यात न समजण्यासारखे काही नाही. माझी निम्मी भीती तिथेच गेली.

तो माझ्या मागे बसला, मी पुढे. आधी सावकाश निघालो. किनाऱ्याजवळ माणसे पाण्यात असतात म्हणून तिथे वेग घ्यायचा नाही. फ्रान्समध्ये तर किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या आत ताशी ५ सागरी मैलांपेक्षा जास्त वेग चालत नाही, म्हणजे साधारण ९ किलोमीटर, आपल्या सायकलपेक्षाही कमी. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला तिकडे जाणत्या मार्गदर्शकाच्या नजरेखालीच गाडी चालवावी लागते. चित्रात त्या रांगा दिसतात त्या नुसत्या शोभेसाठी नसतात.

माणसे मागे पडली तसा त्याने मला हाताखालची कळ दाबायला सांगितली. गाडीने नाक वर केले आणि जी उसळी घेतली, ती माझ्या तोंडून "अरे, अरे" एवढेच निघाले. लाटेवरून उडून गाडी खाली आपटली की कमरेत बसतो तो धक्का बैलगाडीच्या दगडी वाटेवरचा. तोंडावर खारे पाणी. पण दहा मिनिटांत हात बसला. हरिहरेश्वराचा डोंगर डावीकडे ठेवून आम्ही दक्षिणेकडे गेलो. पुढे खाडीचे तोंड उघडले आणि पलीकडे बाणकोटची बाजू दिसली. तिथल्या किल्ल्याला मराठ्यांच्या वेळी हिंमतगड म्हणत, इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया केले. याच खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर पूर्वी गलबते दासगाव-महाडपर्यंत येत. पाण्याचा रंग तिथे बदलतो, निळ्यात गढूळ मिसळतो. पुतण्या म्हणाला, "काका, ही आपली सावित्री." मी कळ सोडली. इतकी वर्षे जिच्या काठी राहिलो, ती समुद्राला मिळते ती जागा मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

परत फिरताना माझी चूक झाली. एक कोळ्यांची होडी नांगरून उभी होती. तिच्या दिशेने आपण चाललो आहोत हे पाहून मी घाबरलो, कळ सोडून दिली आणि दांडा सगळा वळवला. गाडी वळेचना! तशीच सरळ होडीकडे घसरत निघाली. पुतण्याने मागून हात घालून कळ दाबली, दांडा वळवला आणि गाडी होडीपासून हातभर अंतरावरून निघाली. होडीतल्या नाखव्याने आम्हाला जे सुनावले ते इथे लिहीत नाही. ते आमचे देणेच होते.

कारण साधे आहे. कळ सोडली की पंप पाणी फेकत नाही आणि पाणी फेकले नाही तर वळवणार काय? घाबरलेला नवा माणूस नेमके हेच करतो आणि आदळतो. म्हणून शिकवणारा बरोबर पाहिजे.

वाळूत बसून आम्ही चहा घेतला. मी हिशेब काढायला लावला. नव्या गाडीला चांगल्या मोटारीइतके पैसे पडतात. पेट्रोल वेगळे, परवाना आणि विमा वेगळा. खारे पाणी लोखंडाला खाते म्हणून रोज गोड्या पाण्याने इंजिन धुवायचे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावालाच असते, तिकडे दिवसभर धक्क्यावरून गाड्या सुटतात. आपल्याकडे पुरुष-दीड पुरुष पाणी सहज चढते-उतरते, त्या वेळा सांभाळायच्या. आणि मेच्या अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत समुद्र खवळलेला म्हणून सगळे बंद. कर्जाचा हप्ता मात्र बंद होत नाही.

तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "काका, नुसत्या पैशासाठी नाही म्हणत मी. आत्याच्या घरात पाणी शिरलं, आपण काय केलं? बाहेरून होड्या येईपर्यंत वाट बघितली. समुद्रावर माणसं वाचवायला या गाड्या वापरतात. आपल्याकडं एक असती तर?"

मला एकदम उत्तर सुचले नाही. पोराच्या मनात एवढे आहे हे मला माहीत नव्हते. मग मी पंपाचा विचार केला. त्याला विचारले, "ओढ्याला पूर आला की आपण इंजिन का काढून आणतो?"

"जाळीत पाला अडकतो."

"मग सावित्रीच्या पुरात काय येतं?"

पाला, ओंडके, दोर, घरांचे सामान. हे सगळे त्या पोटाखालच्या जाळीत. त्याला बोलावे लागले नाही. स्वच्छ समुद्रावर जी गाडी कामाची, ती आमच्या पुरात मध्येच बंद पडायची. तेव्हा मी त्याला सांगितले, "यंत्र नको. पण तू पोहायला शिकलास, दोरी टाकायला शिकलास, पाण्यात घाबरलेल्याला मागून धरायला शिकलास, ते आपल्याला पायजे. ते पुरतं शीक. त्याला खाचर इकावं लागत नाही."

गोव्यात केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे यांत्रिक होडी चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे शिक्षण मिळते. वालाचे पैसे आले ते आम्ही त्या शिक्षणाला घातले. तो वैशाखात शिकून आला. हंगामाला किनाऱ्यावर पगारावर जाणार. आणि गंमत बघा, समुद्र बंद होतो तेव्हाच आमची पेरणी आणि लावणी सुरू होते. समुद्र उघडतो त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने भात कापायला येते, तेवढे चार दिवस तो रजा काढील. दोन्ही कामे एका माणसाला जमण्यासारखी आहेत. स्वतःची गाडी पुढे कधी घेतलीच, तर ती कमाईतून घ्यावी, भातातून नव्हे.

वाचकांपैकी कोणाची मुले सहलीला समुद्रावर जात असतील, तर एवढे त्यांना सांगून ठेवा. जॅकेट खांद्याला ओढून बघा, मनगटाला दोरी बांधल्याशिवाय बसू नका, परवाना आहे का ते विचारा आणि चालवणारा दारू प्यालेला वाटला तर पैसे सोडून द्या पण बसू नका.

आता आषाढ चालू आहे. आज रस्त्याकडच्या खाचरात लावणी झाली. पुतण्या राबाच्या मुठी टाकत होता, वहिनी लावत होत्या. पाऊस मोठा आहे, ओढ्याचा आवाज घरात येतो आहे. आमच्या पडवीत इरल्याशेजारी खुंटीला या वर्षी दोन जॅकेटे आणि एक लांब दोर टांगलेला आहे. तिथून उठून पुतण्या मघाशी ओढ्याचे पाणी बघून आला आणि म्हणाला, "काका, अजून दगडाच्या खाली आहे, झोपा तुम्ही." आज झोप लागेल असे वाटते.