हिरवळीच्या खालची जमीन

पुण्यात एखाद्या बंगल्याचं लॉन पिवळं पडलं की पहिला सल्ला मिळतो तो ते उपटून नवीन टाकण्याचा. नर्सरीतून गवताच्या लाद्या येतात, एका दिवसात अंगण हिरवं होतं आणि दोन पावसाळे सरले की पुन्हा तेच. मधूनमधून टक्कल, कडेनं लव्हाळा, झाडाखाली शेवाळ. नवीन लॉन लावण्याची कामं मीही घेते, पण माझा जीव रमतो तो दुरुस्तीत. लोक ज्या लॉनला मेलेलं म्हणतात, त्यातलं बरंचसं गवत जिवंत असतं. त्याच्या मुळांना खाली जायला वाट नसते, एवढंच.

म्हणून पहिल्या भेटीत मी गवताकडे थोडं कमीच बघते. खुरप्यानं चार बोटं रुंद आणि वीतभर खोल असा काप काढायचा आणि तो उन्हात धरायचा. वर पानं. त्यांच्याखाली वाळक्या देठांचा, धावत्या फांद्यांचा तपकिरी थर, कधी कधी अंगठ्याएवढा जाड. पाणी घातलं तरी ते या थरातच अडकतं आणि खालची माती कोरडी राहते. त्याखाली दोन-तीन इंच लाल माती आणि मग एकदम करडा, दगडासारखा घट्ट थर. त्यात विटांचे तुकडे, सिमेंटच्या गुठळ्या, क्वचित एखादा गंजका खिळा. घर बांधताना उरलेला राडारोडा तिथंच पसरून वर मातीची दुलई घातलेली असते. पांढरी मुळं लाल मातीतून सरळ खाली येतात आणि त्या करड्या थराशी पोचली की काटकोनात आडवी वळतात. हे वळण मी घरच्यांना हमखास दाखवते. नाकाशीही धरायला सांगते. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास असतो; पाणी तुंबणाऱ्या मातीला कुजकट वास येतो आणि तिचा रंगही निळसर पडतो.

काप काढणं ज्यांच्या जिवावर येतं, त्यांनी पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत दाबून बघावा. हाताच्या जोरानं तो मुठीपर्यंत गेला नाही तर मुळंही जाणार नाहीत. तिथं कितीही खत घाला, ते वाया जातं.

आपल्याकडच्या उन्हातल्या लॉनमध्ये बहुतेक हरळीच असते, देशी किंवा तिचीच निवडलेली बारीक पानांची जात. माझ्याबरोबर काम करणारे मामा करमाळ्याकडचे. त्यांच्या रानात हरळी म्हणजे वैरीण. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिच्या काशा वेचायच्या, बांधावर वाळवायच्या आणि जाळायच्या, यात त्यांची निम्मी हयात गेली. तिचा चिवटपणा मामांइतका क्वचितच कुणाला ठाऊक असेल. ती जमिनीवरून फांद्या पसरते आणि जमिनीखालून काशाही सोडते. वरचं सगळं खरवडलं तरी काशांच्या पेरांतून ती पुन्हा उठते. शेतकऱ्याला छळणारा तिचा हाच गुण दुरुस्तीच्या कामी येतो. हळू वाढणाऱ्या कोरियन गवताचं तसं नाही. त्याला एवढं खरवडलं तर सावरायला फार काळ लागतो, म्हणून तिथं हात राखून काम करावं लागतं.

या कामाला योग्य वेळ रोहिणी नक्षत्राची, मे महिन्याच्या अखेरची. ऊन भरपूर असतं, हरळी वाढीच्या भरात असते आणि मृगाचा पाऊस तोंडावर असतो. पुण्यात बहुतेकांना लॉनची आठवण होते ती दिवाळीत, पाहुणे यायचे म्हणून. तेव्हा खरवडलेलं गवत सावरता सावरता थंडी येते. रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांवर उतरलं की हरळीची वाढ जवळजवळ थांबते. मग फेब्रुवारीपर्यंत उघडी माती बघत बसावं लागतं.

रोहिणीत आधी गवत अगदी खाली कापून घ्यायचं. मग दाताळ्यानं आडवं-उभं ओढून वाळका थर मोकळा करायचा. छोट्या लॉनमधूनही पोतीच्या पोती निघतात. त्यानंतरचं काम कष्टाचं. लोखंडी फोर्क चार-सहा इंच रुतवायचा, दांडा मागे रेलून माती किंचित उचलायची, काढायचा, चार बोटं पुढं सरकायचं आणि पुन्हा रुतवायचा. राडारोड्याचा थर लागला की फोर्क वाकतो. तिथं पहार लागते. भोकं झाली की धुतलेली वाळू दोन भाग, माती एक भाग, चाळलेलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग असं मिश्रण अर्धा इंच पसरून खराट्यानं भोकांत लोटायचं. वाळू धुतलेलीच हवी. क्रश सँडमधली पीठ झालेली भुकटी भोकात जाऊन बसली की सिमेंटसारखी घट्ट होते.

पुढचे तीन आठवडे अंगण भकास दिसतं. "अहो ताई, होतं तेवढंही गेलं की हो!" असा घरच्या काकूंचा फोन येतोच. त्यांची काळजी खरी असते, कारण त्या मातीकडे त्या रोज सकाळी चहा घेताना बघत असतात. मी त्यांना फोर्कच्या भोकांत वाकून बघायला सांगते. भोकाच्या कडेला हिरवी टोकं आधी दिसतात, कारण तिथं हवा असते.

या काळात कुणी रोलर आणला तर मी तो परत पाठवते. ओल्या मातीवर रोलर फिरवला की महिन्याभराची मेहनत एका दुपारी पुन्हा दाबली जाते. सपाटपणा हळूहळू, वरून माती भरत आणावा.

लव्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण लॉन सोडून देण्याचा विचार बहुतेकांच्या मनात त्याच्यामुळे येतो. तो येतो तोच विकत घेतलेल्या पोयट्यातून आणि अर्धवट कुजलेल्या खतातून. त्याचा देठ चिमटीत फिरवला की तीन कडा हाताला लागतात. गवताचा देठ असा लागत नाही. नुसती पानं ओढली तर ती तुटून हातात येतात आणि खालची गाठ शाबूत राहते. त्या गाठी एकमेकींना बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या असतात. पहिली तुटली की झोपलेली दुसरी जागी होते. पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, खुरपं तिरकं घालून अख्खी माळ सोडवावी लागते. गाठ नखानं फोडली की उटण्याचा वास येतो, कारण उटण्यात पडतो तो नागरमोथा हाच. एवढं सुगंधी मूळ काढून फेकताना हात थोडा थबकतो, पण काढावं लागतं. तणनाशकं मिळतात, काही हरळीला न दुखावणारीही आहेत. ज्या अंगणात मुलं रांगतात तिथं मात्र मी खुरपंच धरते.

लॉनचा एखादा भाग सतरंजीची कड धरून उचलावा तसा अलगद उचलला गेला, तर खाली हुमणी असते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी. मुळं तिनं खाल्लेली असतात. साळुंक्या आणि कावळे त्याच जागी टोचत राहिले तरी संशय घ्यावा. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते तेव्हाच गोळा केले तर पुढचा उपद्रव बराच कमी होतो. आणि ताजं शेण लॉनवर कधीही टाकू नये. या किड्याला ते आवतण असतं.

पिवळेपणाचंही नीट बघावं लागतं. जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडलंय. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडलंय. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे वारंवार होतं. अशा वेळी युरिया घातला तर गवत उंच होतं आणि पिवळंच राहतं. युरिया द्यायचाच तर हजार चौरस फुटांना एका वेळी किलोभर, त्याहून जास्त नाही. तो वाळूत मिसळून, पानं कोरडी असताना पसरायचा आणि लगेच पाणी सोडायचं.

लॉन कापायचं यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी 1830 मध्ये केलं. कापडावरची लव कातरणारं यंत्र बघून त्यांना ते सुचलं. आजही दंडगोल पात्यांचं यंत्र गवत कात्रीसारखं कातरतं, तर आडव्या फिरणाऱ्या पात्याचं यंत्र फटका मारून तोडतं. पात्याची धार गेली असेल तर दुसऱ्या दिवशी पानांची टोकं पांढुरकी, फाटलेली दिसतात आणि अख्ख्या लॉनवर राखाडी छटा येते. तो रोग समजून लोक औषध फवारतात. गरज असते कानशीची. हरळी एक ते दीड इंच राखावी आणि एका वेळी पानाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापू नये. पंधरा दिवस वाढू देऊन एकदम तळापासून काढलं की मुळं आखडतात.

पाण्याचं बोलल्याशिवाय मी आता कुठलंही काम हाती घेत नाही. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एप्रिलच्या उन्हात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर लागतं. म्हणजे हजार चौरस फुटांना रोज साडेचारशे लिटरच्या वर. पुण्याचा पाऊस वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास आणि तो बहुतेक चार महिन्यांतला. खडकवासल्यातलं पाणी पुरवून वापरायच्या दिवसांत एवढं पाणी गवतावर घालणं मला पटत नाही. म्हणून घरच्यांबरोबर मी अंगणात फिरते आणि विचारते, यातल्या किती जागेवर तुम्ही खरोखर बसता, मुलं कुठं खेळतात? आंब्याखाली, शेजारच्या इमारतीच्या सावलीत, गेटच्या वाटेवर हरळी टिकणारच नाही. तिला निदान सहा तास ऊन हवं. तिथं नेचे लावावेत किंवा सुट्ट्या फरशा टाकून मधे माती ठेवावी. उरलेल्या जागेवर प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळत असेल तर ते वापरावं. रोज शिंपडण्यापेक्षा उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड भरपूर पाणी द्यावं, पहाटे, म्हणजे ओल वीतभर खाली जाते आणि मुळं तिच्या मागे जातात. मे महिन्यात पाणीकपात लागली तर हरळीला खुशाल तपकिरी होऊ द्यावं. काशा जिवंत असतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की ती परत येते.