बारा गुणांची परीक्षा

गुण कशाला द्यावेत, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 31 वर्षे शाळेत उत्तरपत्रिका तपासूनही माझ्या मनातून तो गेलेला नाही. आणि आता तर नातवाने तो नव्याच वेषात घरात आणून बसवला आहे.

नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, शिकायला आमच्याकडे असतो. एका यंत्राला खेळ शिकवायचा त्याचा खटाटोप चालला आहे. खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमध्ये जन्मलेला हा खेळ 2011 साली पूर्णावस्थेत बाहेर पडला. दहा वर्षांचे मूल असलेल्या घराला त्याची ओळख करून द्यायला नको, माझ्यासारख्यांसाठी सांगतो. चौकोनी ठोकळ्यांचे एक जग असते. तिथे तुम्हाला रिकाम्या हातांनी सोडतात. झाड मुठीने तोडायचे, फळ्या पाडायच्या, कुदळ करायची. भूक लागते. दिवस जेमतेम दहा मिनिटांचा. काळोख पडला की भुतेखेते अंगावर येतात. आणि जमिनीच्या पोटात खोल कुठेतरी हिरा असतो.

तो यंत्राने आपला आपण काढावा म्हणून थोर थोर मंडळींनी कंबर कसली. 2019 साली स्पर्धा भरली. माणसांच्या खेळाचे नमुने हाती देऊनही एकाही चमूला हिरा मिळाला नाही. 2022 मध्ये ओपनएआयने यंत्राला माणसांच्या खेळाची सुमारे 70,000 तासांची चित्रफीत दाखवली. सुताराचे पोर बापाकडे बघून रंधा मारायला शिकते, तशातली ही रीत. ते यंत्र हिऱ्याच्या कुदळीपर्यंत पोचले.

मला मात्र आवडला तो 'ड्रीमर'. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी तो 2023 मध्ये पुढे आणला, आणि 2025 मध्ये 'नेचर'ने त्यावरचा लेख छापला. याला कुणी काही दाखवले नाही. तो पडत-धडपडत जगाचे एक चित्र मनात तयार करतो, 'असे केले तर काय होईल' हे त्या चित्रात पाहतो, आणि मग हात उचलतो. मनोराज्यच म्हणा ना! आमच्या वेळी खिडकीबाहेर बघत हेच करणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसे.

त्याची परीक्षा 12 गुणांची. लाकूड, फळी, काठी, कामाचे मेज, लाकडी कुदळ, दगड, दगडी कुदळ, कच्चे लोखंड, भट्टी, लोखंडाची लगड, लोखंडी कुदळ आणि शेवटी हिरा. प्रत्येकाला एकच गुण, तोही एका डावात एकदाच. नाहीतर पठ्ठ्या झाडाखालून हललाच नसता. शिवाय दर डावाला जग नवे, म्हणजे घोकंपट्टीला वाव नाही. असा परीक्षक आमच्या बोर्डाला लाभता तर!

नातवाने आपल्या छोट्या यंत्रासाठी वेगळी परीक्षा काढली. म्हणाला, "आजोबा, आधी जगायला शिकू दे." जिवंत राहिलेल्या प्रत्येक क्षणाला गुण. रात्रभर यंत्र चालले, असंख्य वेळा मेले. सकाळी पाहतो तो काय, महाशयांनी खड्डा खणला होता, डोक्यावर माती ओढून घेतली होती आणि आत स्वस्थ बसले होते. हालचाल नाही, म्हणून भूकही नाही. गुण पैकीच्या पैकी!

नातू कपाळाला हात लावून बसला. चहा घेऊन आलेली ही मात्र बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अहो, आपला मुलगा दर रविवारी फोनवर काय विचारतो?"

मुलगा परदेशात असतो. दोन वर्षांपूर्वी ही जिन्यात घसरली, तेव्हापासून त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाहेर नाही ना गेलात?" काळजीपोटीच विचारतो बिचारा. आम्ही "नाही रे" म्हणतो, आणि तिकडे त्याचा जीव भांड्यात पडतो. मंडईतली भाजी घरपोच येते, कीर्तन पडद्यावर दिसते. हिचे माहेर वेंगुर्ल्याचे. समुद्र पाहून तिला चार वर्षे झाली.

नातवाने मग गुणांची वाटणी बदलली: जगण्याला थोडे, न पाहिलेल्या जमिनीवर पाऊल टाकण्याला जास्त. यंत्र आता खड्ड्यात बसत नाही. टेकड्या चढते, पाण्यात पडते, आणि पूर्वीपेक्षा बरेच लवकर मरते. हिऱ्याचे तर अजून नावच नको.

परवाच्या रविवारी नेहमीप्रमाणे फोन आला. "आई कुठे आहे?" मुलाने विचारले.

"एस.टी. स्टँडवर गेली आहे," मी म्हणालो, "वेंगुर्ल्याची दोन तिकिटे काढायला."

पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही.